मिडी जोडणी: यूएसबीवाला कीबोर्ड, जुनं साउंड मॉड्यूल आणि ऑक्टापॅड एकत्र कसे वाजवायचे?

शास्त्रीकाठ
नमस्कार मंडळी.
संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीचं बहुरंगी नमन (कोकणातलं लोकनाट्य) आहे. प्रयोग सुरू व्हायच्या आत हे काम मार्गी लावायचंय. वाद्यांत ढोलकी, मृदंग, टाळ, ऑक्टापॅड आणि माझा कीबोर्ड. कीबोर्ड अरेंजर प्रकारातला, म्हणजे स्वतः ताल वाजवणारा, ६१ पट्ट्यांचा. मागे मिडीची (वाद्यं एकमेकांना जोडायची) पाच पिनांची गोल सॉकेटं नाहीत, फक्त चौकोनी यूएसबी आहे आणि तिच्यावर 'टू होस्ट' लिहिलंय. मुंबईच्या मामांनी त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या काळातलं रोलँड जेव्ही-१०८० मॉड्यूल दिलंय, म्हणजे पट्ट्या नसलेली, नुसते आवाज देणारी पेटी. त्यातले स्ट्रिंग्ज आणि कोरस ऐकलेत तर कीबोर्डातले नकोसे होतील.

मला हवंय ते असं: गवळणीला उजव्या हाताला कीबोर्डातली बासरी आणि डाव्या हाताला मॉड्यूलमधले स्ट्रिंग्ज. वगात राक्षस आला की दोन्हीकडचे आवाज एकदम.

बाजारात मिळते ती यूएसबी-मिडी केबल आणली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना. यूएसबीचं टोक कीबोर्डच्या पेनड्राइव्हच्या सॉकेटात घातलं. केबलवरचा दिवा लागतो, मॉड्यूल गप्प. कन्व्हर्टर लावून चौकोनी सॉकेटात घातलं तर दिवाही नाही. केबल खराब की माझं डोकं?

पायपेटी
माका एक सांगा, नमनाक ह्या सगळा कित्याक व्हया? आमच्या भजनाच्या डबलबारीत पेटी, पखवाज, तबलो, झांज नि चकी. रात्रभर वाजता. वायर नाय, दिवो नाय.
(गजाल केलंय हां. धागो वाचतंय, माका पण शिकूक व्हया.)

सोल्डरगन
शास्त्रीकाठ, केबल बरी आहे आणि डोकंही.

यूएसबीत एक बाजू होस्ट असावी लागते, म्हणजे लॅपटॉप, फोन असं काहीतरी. बाकी सगळी उपकरणं त्याच्या हुकमात. तुमच्या चौकोनी सॉकेटवर 'टू होस्ट' लिहिलंय, म्हणजे कीबोर्ड स्वतः होस्ट नाही. ती केबलही होस्ट नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसतात. पेनड्राइव्हचं सॉकेट होस्ट असतं खरं, पण बहुतेक कीबोर्डांत ते फक्त पेनड्राइव्ह ओळखतं. दिवा लागतो तो तिथून वीज मिळते म्हणून.

मधे कोणीतरी होस्ट हवा. तीन मार्ग आहेत.

लॅपटॉप. कीबोर्डची चौकोनी यूएसबी लॅपटॉपला, तुमची ती केबलही लॅपटॉपला, आणि केबलची आउट पिन मॉड्यूलच्या मिडी इनला. विंडोजवर मिडी-ऑक्ससारखा राउटिंगचा प्रोग्राम घेऊन कीबोर्डकडून आलेलं केबलकडे वळवायचं. कितीही जुना लॅपटॉप चालतो, कारण त्याला आवाज तयार करायचा नाही, नुसते संदेश इकडचे तिकडे करायचे आहेत. रास्पबेरी पायवरही हेच होतं आणि तो डबीत मावतो.

दुसरा, यूएसबी मिडी होस्ट नावाची छोटी डबी. एका बाजूला यूएसबी सॉकेट, दुसऱ्या बाजूला गोल इन-आउट. रंगमंचासाठी हीच सर्वात सुटसुटीत. मात्र कीबोर्ड क्लास-कम्प्लायंट हवा. ज्या कीबोर्डला विंडोजवर कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, तो अशा डबीशी बोलेलच असं नाही. घेण्याआधी दुकानात कीबोर्ड नेऊन लावून पाहा, ऑनलाइन आंधळेपणाने मागवू नका.

तिसरा, फोन आणि ओटीजी हब (फोनला यूएसबी उपकरणं जोडायचा). अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनला यूएसबी मिडी कळते.

आणि एक. त्या केबलच्या पिनांवर इन-आउट लिहिलेलं असतं त्यावर डोळे झाकून विसंबू नका. कोणी 'ही पिन म्हणजे आउट' अशा अर्थाने लिहितो, कोणी 'ही पिन समोरच्या आउटमध्ये घाला' अशा अर्थाने. नाही वाजलं तर अदलाबदल करा. उलटी लावल्याने काही जळत नाही.

मिक्सरवाला
एक भाबडा प्रश्न आधीच विचारून ठेवतो, कारण दर वर्षी कोणीतरी माझ्याकडे येतोच. मॉड्यूलचा आवाज मिक्सरला स्वतंत्र नेणार आहात ना? मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच जातं. मॉड्यूलच्या मागच्या लेफ्ट-राइट आउटपुटमधून दोन पी-३८ पिना (पाव इंची ऑडिओ जॅक) मिक्सरला आल्या नाहीत तर मिडी कितीही बरोबर असो, मंडपात शांतता.

शास्त्रीकाठ
मिक्सरवाला, हो, तेवढं माहीत होतं. (आमच्या साउंडवाल्याला नव्हतं. तो कीबोर्डचा फेडर वर करत होता आणि विचारत होता 'स्ट्रिंग्ज कुठायत?')

सोल्डरगन, धन्यवाद. भावाचा जुना लॅपटॉप जोडला, मॉड्यूल वाजलं! पण आता वेगळीच पंचाईत. मी कीबोर्डवर बासरीचं बटण दाबलं की मॉड्यूलवर भलताच आवाज येतो, कधी येतच नाही. ताल सुरू केला तर मॉड्यूलही स्वतःचे ड्रम बडवायला लागतं. आणि डावा-उजवा हात वेगळा होतच नाही, दोन्ही हातांना स्ट्रिंग्ज.

कातळसडा
राजापूरहून. ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं दोन-दोन कीबोर्ड आणि मॉड्यूल वाजवलंय, त्यामुळे हा रोग ओळखीचा आहे. तिन्ही तक्रारींचं मूळ चॅनेलमध्ये आहे.

एका मिडी केबलवर १६ चॅनेल असतात. वायर एकच, पण पत्रं सोळा घरांची. ज्या घराचा पत्ता, त्याच घरात पत्र उघडायचं. तुमचं मॉड्यूल १६ पार्टांचं आहे, म्हणजे सोळा वेगळे आवाज एकदम वाजवू शकतं, आणि सगळी दारं उघडी ठेवून बसलंय.

आता तुमच्या प्रकारच्या अरेंजर कीबोर्डांत बऱ्याचदा अशी वाटणी असते: मुख्य आवाज चॅनेल १, ड्युअल (मुख्य आवाजावर चढवलेला दुसरा आवाज) २, स्प्लिटचा डाव्या हाताचा आवाज ३, आणि तालाचे भाग ९ ते १६. मॅन्युअलच्या शेवटी मिडीचा तक्ता असतो, तिथे तुमच्या मॉडेलचं पक्कं काय ते बघा. लॅपटॉप मधे आहेच, तर मिडी-ऑक्सच्या मॉनिटर खिडकीत कुठल्या पट्टीला कुठला चॅनेल येतो ते समोर दिसेल. अंदाजापेक्षा ते बरं.

मग मॉड्यूल परफॉर्मन्स मोडमध्ये (सगळे पार्ट एकत्र वाजतात तो) घ्या. पार्ट ३ ला स्ट्रिंग्ज, त्याचा रिसीव्ह स्विच चालू. पार्ट १, २ आणि ९ ते १६ बंद. कीबोर्डवर स्प्लिट चालू करा. बासरी चॅनेल १ वर जाईल, तिकडे ऐकणारा कोणी नाही. डावा हात चॅनेल ३ वर, तो मॉड्यूल वाजवेल. कीबोर्डातला स्वतःचा डाव्या हाताचा आवाज नको असेल तर त्या भागाचा व्हॉल्यूम शून्य करा. पण आधी बघा की त्या व्हॉल्यूमचा संदेश, म्हणजे कंट्रोलर ७, बाहेरही जातोय का. जात असेल तर मॉड्यूलचा रिसीव्ह व्हॉल्यूम बंद करावा लागेल, नाहीतर तेही गप्प.

तालाचे ड्रम: कीबोर्डच्या फंक्शन मेनूत 'स्टाइल आउट' सापडलं तर बंद करा. नाही सापडलं तरी पार्ट १० बंद केलात की काम झालं. जनरल मिडीपासून (सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेली आवाजांची यादी) ड्रमसाठी चॅनेल १० ठरलेला आहे आणि जेव्हीचा रिदम पार्टही तोच.

बासरीच्या बटणाचं: तुम्ही आवाज बदलला की कीबोर्ड बँक सिलेक्ट आणि प्रोग्राम चेंज, म्हणजे कुठला आवाज घ्यायचा ते सांगणारे संदेश, पाठवतो. बँकेचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. तुमच्या कीबोर्डची बासरी ज्या बँकेत राहते ती बँक मॉड्यूलमध्ये नसेलही, मग ते बिचकतं. मॉड्यूलच्या त्या पार्टात रिसीव्ह प्रोग्राम चेंज बंद करून टाका. स्ट्रिंग्ज जागचे हलणार नाहीत.

टॅबवाला
एवढा खटाटोप कशाला? टॅबलेट घ्या, साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) टाका, कीबोर्ड ओटीजीने जोडा. स्ट्रिंग्ज, कोरस, हवा तो पियानो. मॉड्यूल कपाटात ठेवा. माझा डोंबिवलीचा ग्रुप असंच वाजवतो.

कातळसडा
टॅबवाला, डोंबिवलीच्या सभागृहात ठीक. इथे मंडप उघडा, रात्री दोन वाजता जनरेटरवर प्रयोग चालू. टॅबची बॅटरी, नोटिफिकेशन, मधेच येणारा फोन, ओटीजीची सैल पिन, एवढी राखण कोण करणार? शिवाय अँड्रॉइडवर पट्टी दाबल्यापासून आवाज यायला किती वेळ लागेल ते टॅबनुसार बदलतं. काहींवर इतका उशीर होतो की गवळण नाचून पुढे गेलेली असते. जेव्हीसारखं मॉड्यूल चालू केलं की वाजतं, दुसरं काही करतच नाही. ज्याच्याकडे ते फुकट आलंय त्याने टॅब विकत का घ्यावा?

टॅबवाला
मान्य, पण विमान मोड नावाची गोष्ट असते काका. आणि लेटन्सी, म्हणजे हा उशीर, मिडीलाही असतेच की. ३१,२५० बिट प्रतिसेकंद! १९८३ चं तंत्रज्ञान!

सोल्डरगन
आकडा बरोबर, धसका चूक. ३१,२५० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक नोट ऑन (पट्टी दाबल्याचा संदेश) तीन बाइटांचा, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्यात तरी पहिल्या ते शेवटच्या नोटेत फार तर १० मिलिसेकंदांचा फरक. रनिंग स्टेटस वापरणारं यंत्र पहिला बाइट पुन्हा पुन्हा पाठवत नाही, तिथे तोच फरक ७ च्या आत येतो. तुलनेला, स्पीकरपासून दहा मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज पोचायलाच सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. टॅबमध्ये उशीर होतो तो मिडीमुळे नव्हे, आवाज तयार करून बफरमध्ये साठवण्यामुळे.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरीने जोडून दाखवले. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडी २.० जानेवारी २०२० मध्ये आलं, पण मामांच्या मॉड्यूलला जुनीच भाषा कळते आणि तेवढी पुरते.

पायपेटी
सोल्डरगनांनू, एक शंका. जनरल मिडीत आमची वाद्यां आसत काय?

सोल्डरगन
पायपेटीकाका, १९९१ मध्ये ठरलेल्या १२८ आवाजांत सतार १०५ वर आणि सनई ११२ वर आहे. पेटीच्या जवळचं म्हणाल तर २१ नंबरचा रीड ऑर्गन. ड्रमच्या यादीत मात्र तबला नाही, पखवाज नाही, टाळ नाही. बोंगो, कोंगा, क्विका आहेत. यादी करणाऱ्यांनी कोकणात एक शिमगा काढायला हवा होता.

अलिबागचा_वारा
मी जरा मेंटेनन्सचं सांगतो, कारण समुद्राकाठी अर्धे मिडीचे प्रॉब्लेम मिडीचे नसतातच. खाऱ्या हवेने गोल पिना हिरव्या पडतात. नोट अधूनमधून गायब होते, किंवा नोट ऑन पोचतो आणि नोट ऑफ पोचत नाही, मग स्ट्रिंग्ज कोकलत राहतात. पिना कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घासलेट नको, पॉलिश पेपर तर नकोच. पावसाळ्यात मॉड्यूल सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद पेटीत ठेवा आणि मधूनमधून काढून तासभर चालू करा.

एवढ्या जुन्या मॉड्यूलची आतली बॅटरी तपासून घ्या. ती संपली की तुम्ही सेव्ह केलेले परफॉर्मन्स जातात. कंपनीचे आवाज रॉममध्ये असतात, ते जात नाहीत.

नोट अडकलीच तर घाबरून मेन स्विच बंद करू नका. मिडी-ऑक्समध्ये पॅनिकचं बटण आहे, ते सगळ्या नोटा बंद करायचा संदेश पाठवतं.

शास्त्रीकाठ
कातळसडा, तुमच्या पद्धतीने केलं. डावा हात स्ट्रिंग्ज, उजवा बासरी, ड्रम गप्प. वाडीतली पोरं खुर्च्या टाकून ऐकत बसली होती!

आता उरलेलं. १) आमचे गायक काळी चारमध्ये गातात. मी कीबोर्ड ट्रान्सपोज करून पांढरी एकच्या बोटांनी वाजवतो. मॉड्यूल बरोबर येईल का? २) मींडसाठी पिच बेंड फिरवलं तर कीबोर्ड आणि मॉड्यूल वेगवेगळीकडे जातात. ३) ऑक्टापॅडवाल्याला राक्षसाच्या प्रवेशाला मॉड्यूलमधला टिंपनी (पाश्चात्त्य नगारा) हवाय.

कातळसडा
१) बहुतेक कीबोर्डांत ट्रान्सपोज केलेलीच नोट बाहेर जाते, म्हणजे मॉड्यूल आपोआप काळी चारमध्ये येईल. त्याला वेगळं ट्रान्सपोज करायचं नाही, नाहीतर दोनदा सरकेल. काही कीबोर्ड मूळ नोट पाठवतात. तसा निघाला तर मॉड्यूल तेवढंच सरकवा. दोन्ही वाजवून कानाने पाहा. मात्र बारीक ट्यूनिंग नोटेबरोबर जात नाही. साथीला पेटी असेल आणि ती ४४० हर्ट्झऐवजी ४४२ ला असेल, तर कीबोर्ड आणि मॉड्यूल दोन्हींत तेवढंच मास्टर ट्यून स्वतंत्रपणे लावावं लागेल. पावसाळ्यात आमची पेटी स्वतःच मत बदलते, मग यंत्रांनी तिच्या मागे जायचं.

२) पिच बेंडचं चाक कुठल्या सुरापर्यंत पोचायचं ते पाठवत नाही. किती फिरवलं एवढंच पाठवतं, १६,३८४ पायऱ्यांत. त्याचे किती स्वर करायचे ते प्रत्येक यंत्र आपल्या बेंड रेंजप्रमाणे ठरवतं. नेहमीची रेंज वरखाली दोन अर्धस्वर, पण जेव्हीत ती प्रत्येक पॅचला (तयार आवाजाला) वेगळी असू शकते. दोन्हीकडे २ करा, जुळेल. खरं तर स्ट्रिंग्जवर मींड नकोच, बासरीवर घ्या. मॉड्यूलच्या त्या पार्टाला बेंड पोचूच देऊ नका. मिडी-ऑक्समध्ये फिल्टर आहे.

शिवाय सस्टेन पेडल सांभाळून. जेव्हीत एकावेळी ६४ आवाज, पण एका पॅचमध्ये चारपर्यंत टोन, म्हणजे एकमेकांवर रचलेले थर, असतात आणि प्रत्येक थर एक आवाज खातो. चार टोनांच्या भरदार स्ट्रिंग्जना ६४ भागिले ४, म्हणजे १६ नोटाच. पेडल दाबून ठेवून कॉर्ड बदलत राहिलात तर जुन्या नोटा मधेच तुटतील आणि तुम्ही केबलला शिव्या द्याल.

सोल्डरगन
३) तुमच्याकडे असलेल्या केबलनेच होईल. तिच्या दुसऱ्या गोल पिनेचा अजून उपयोग केला नाहीयेत. ऑक्टापॅडचा मिडी आउट तिच्यातून लॅपटॉपमध्ये आणा. मिडी-ऑक्समध्ये कीबोर्ड आणि ऑक्टापॅड दोन्ही इनपुट केबलच्या आउटकडे वळवा, तोच मर्ज. वाय पिन करून दोन आउट एका इनमध्ये कोंबू नका. दोघांचे बाइट एकमेकांत घुसतात आणि मॉड्यूलला काहीच कळत नाही.

ऑक्टापॅडचा चॅनेल ४ करा, मॉड्यूलच्या पार्ट ४ ला टिंपनी. आता सगळेच पॅड टिंपनी वाजवतील, म्हणून ज्यांची गरज नाही त्यांचा मिडी नोट बंद करता येतो का ते ऑक्टापॅडच्या मॅन्युअलात पाहा. टिंपनीच्या पॅडला खालच्या पट्टीतला नोट नंबर द्या.

केबल लांब हवी असेल तर गोल पिनेची वाढवा. मिडीला १५ मीटरपर्यंत परवानगी आहे, यूएसबीला ५. गोल पिनेची घरी करायची तर ४ ला ४, ५ ला ५ आणि शील्ड २ ला. १ आणि ३ मोकळ्या. जुन्या टेपडेकच्या पाच पिनांच्या केबली पडल्या असतील तर मल्टिमीटरने तपासूनच वापरा, काहींच्या तारा आतून उलट्या जोडलेल्या असतात.

मिक्सरवाला
लॅपटॉप मधे आला म्हणून माझी एक विनंती. चार्जर लावलेला लॅपटॉप यूएसबीने कीबोर्डला आणि कीबोर्ड पी-३८ ने माझ्या मिक्सरला, की घुंऽऽ सुरू. गोल मिडीच्या इनमध्ये ऑप्टोकपलर असतो, त्यामुळे दोन यंत्रांचं अर्थिंग वेगळं राहतं. यूएसबीत तसं काही नाही. प्रयोगाआधी लॅपटॉप पूर्ण चार्ज करा आणि बॅटरीवर चालवा. ते जमत नसेल तर कीबोर्डच्या आउटपुटला डीआय बॉक्स (अर्थिंग वेगळं ठेवणारी डबी) लावा. पण कृपा करून कोणी प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. जनरेटर, ओली जमीन आणि घामेजलेले हात, एवढं पुरे आहे.

शास्त्रीकाठ
रंगीत तालमीत सगळं जोडून वाजवलं. लॅपटॉप बॅटरीवर, घुंऽ गेली. ऑक्टापॅडच्या एका पॅडवर टिंपनी, बाकीच्यांचे नोट बंद होतात. ट्रान्सपोज केलेलीच नोट बाहेर जाते, मॉड्यूलला हात लावावा लागला नाही. राक्षसाला दोन्ही हातांना मॉड्यूलचे आवाज हवे होते, त्यासाठी दुसरा परफॉर्मन्स केला: पार्ट १ ला कोरस, पार्ट ३ ला स्ट्रिंग्ज, दोन्ही चालू. गवळणीवरून राक्षसावर जाताना मॉड्यूलचं चाक हाताने फिरवावं लागतं, तेवढी एक अडचण आहे. मधल्या संवादात वेळ मिळतो, पण कीबोर्डच्या रजिस्ट्रेशन (साठवलेली जुळणी परत आणायच्या) बटणाने परफॉर्मन्स बदलता आला तर सोन्याहून पिवळं.

कातळसडा
येईल. जेव्हीत परफॉर्मन्स बदलायला वेगळा कंट्रोल चॅनेल असतो. तो ८ ठेवा. तुमचा कीबोर्ड ८ वर स्वतः प्रोग्राम चेंज पाठवणार नाही, पण मिडी-ऑक्समध्ये नकाशा करून चॅनेल २ वरचा प्रोग्राम चेंज ८ वर वळवता येतो. रजिस्ट्रेशनमध्ये ड्युअलचा आवाज बदलून साठवा, ड्युअल बंद असला तरी काही कीबोर्ड तो संदेश पाठवतात. मॉनिटरमध्ये दिसला तर तुमचं काम झालं. आकड्यांत एकाचा फरक पडेल हे लक्षात असू द्या: वायरीवर ० ते १२७ जातात, पडद्यावर १ ते १२८ दिसतात.

पायपेटी
बरा झाला. आता माका सांगा, माझ्या पायपेटीक मिडी बसता काय?

सोल्डरगन
बसते. प्रत्येक पट्टीखाली एक सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर लागेल. माइक लावून सूर ओळखणारी यंत्रं पेटीला चालत नाहीत, दोन-तीन पट्ट्या एकदम वाजल्या की ती गोंधळतात. भात्याच्या दाबासाठी वेगळा सेन्सर लावून तो कंट्रोलर ११ (आवाजाचा चढउतार) वर पाठवला तर श्वासही येईल. पट्ट्या किती आणि खालची जागा किती ते मोजून वेगळा धागा काढा, काका. फोटो टाका, पट्ट्यांची फळी उचललेली असताना.